आकडा कुणाच्या टेबलावर पडतो? : घरबसल्या हृदय-देखरेखीच्या सेवेचा सहा महिन्यांचा अनुभव

वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी आमच्या मंगळवार पेठेतील घरी कुरिअरने एक खोके आले. त्यात एक वजनकाटा, दंडाला बांधायचा पट्टा असलेले रक्तदाबाचे यंत्र, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि या तिघांचे आकडे गोळा करून सिमकार्डावरून पुढे पाठवणारी, साबणाच्या वडीएवढी एक पांढरी डबी असे चार नग होते. पाठवणारी श्टुटगार्टजवळ राहणारी माझी धाकटी बहीण. ज्यांच्यासाठी पाठवले ते आमचे आप्पा, वय ७९, तीन वर्षांपूर्वी झटका येऊन गेल्यापासून हृदयाचा पंप अशक्त झालेला, त्यामुळे पायांवरची सूज आणि जिना चढताना लागणारी धाप यांच्याशी रोजची तडजोड. सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या परिचारिका बंगळुरात बसतात आणि आप्पांना वीस वर्षे तपासणारे आमचे डॉक्टर राजारामपुरीत. म्हणजे पैसे भरणारी एका देशात, रुग्ण कोल्हापुरात, आकडे पाहणारे परराज्यात आणि औषध लिहिणारा घरापासून दोन किलोमीटरवर, असा हा चौकोन होता. सेवेत जे चांगले आढळले आणि जे बिनसले, ते बहुतेक सगळे या चार कोपऱ्यांमधल्या अंतरातून आलेले आहे.

सहा महिन्यांचे १८,००० रुपये, यंत्रे परतीच्या बोलीवर. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण मला कुणाशी वाद घालायचा नाही. अशी सेवा घेऊ पाहणाऱ्याला काय तपासून घ्यावे एवढे कळले तरी या परीक्षणाचे काम झाले. मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे आकडे दिसले की त्यांच्या मागे जायची खोड आहे, आणि त्या खोडीपायी हे लिखाण आमच्या घरापुरते राहिलेले नाही. निमित्त झाले ते बहिणीच्या एका वाक्याचे. खोके पाठवताना ती फोनवर म्हणाली होती, “अरे, आमच्याकडे हे सगळीकडे असते.” पुढे आप्पांच्या बाबतीत अडचणी येऊ लागल्या तेव्हा मी तिला विचारले, की तुझ्या डॉक्टरांकडे हे कसे चालते? तिने चौकशी केली आणि चार दिवसांनी जरा ओशाळून सांगितले, की तिच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात अशी कोणतीही सोय नाही आणि हृदयतज्ज्ञाकडचे अहवाल तिथे अजून फॅक्सने येतात.

आधी यंत्रांविषयी. वजनकाट्याला मी पूर्ण गुण देईन. आकडा मोठा, पृष्ठभाग न घसरणारा, आणि आप्पांनी काठीसह पाय ठेवला तर तो वजन नोंदवण्यास साफ नकार देतो, हे मला फार आवडले. हृदयाचा पंप अशक्त असलेल्या माणसाच्या बाबतीत सगळ्यांत कामाचे यंत्र हेच, कारण दोन-तीन दिवसांत वजन दीड-दोन किलोने वाढले तर ती चरबी नसते, अंगात साठू लागलेले पाणी असते, आणि धाप लागण्याच्या आधी काही दिवस काटा ते दाखवतो.

रक्तदाबाच्या यंत्राने मात्र पहिल्या पंधरवड्यात घरात गोंधळ उडवला. यंत्र उत्तम होते. चुकला तो पट्टा. आप्पांनी तरुणपणी बारा वर्षे तालमीत माती अंगाला लावलेली, दंडाचा घेर या वयातही ३६ सेंटिमीटर, आणि सोबत आलेला पट्टा होता २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठीचा. दंडाला लहान पडणारा पट्टा रक्तदाब खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो, ही वैद्यकातली अगदी प्राथमिक गोष्ट. परिणामी रोज सकाळी १५८, १६० असे आकडे बंगळुरास जात, तिथून फोन येई, बहिणीच्या मोबाइलवर लाल खूण उमटे, आणि ती तिकडच्या पहाटे उठून मला फोन करी. राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी त्यांच्याकडच्या रुंद पट्ट्याने मोजले तेव्हा आकडा १४२ निघाला. त्यांनी तसे न मोजता गोळीचा डोस वाढवला असता तर आप्पा एखाद्या सकाळी न्हाणीघरात चक्कर येऊन पडले असते. कंपनीकडे मोठा पट्टा होता, मागितल्यावर तो चार दिवसांत विनामूल्य आलाही. पण नोंदणीच्या लांबलचक अर्जात आधार क्रमांकापासून आहारापर्यंत सगळे विचारणाऱ्यांनी दंडाचा घेर विचारलेला नव्हता, आणि यंत्रे बसवून देणाऱ्या मुलाच्या खिशात मोजपट्टी नव्हती.

ऑक्सिमीटर आम्ही तिसऱ्या महिन्यात ठेवून दिला. आप्पांची बोटे गार असतात, त्यामुळे आकडा कधी ९६, कधी ८९, आणि हात चोळून पुन्हा लावला की ९७. या छोट्या यंत्राबद्दल आपल्याकडच्या वाचकांना एक गोष्ट माहीत असायला हवी. बोटातून जाणारा प्रकाश किती शोषला जातो यावर त्याचे गणित चालते आणि त्वचेतील रंगद्रव्यामुळे ते गणित चुकू शकते. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की रक्तातील प्राणवायू प्रत्यक्षात धोकादायक पातळीवर उतरलेला असूनही यंत्राने तो ठीक दाखवण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांत जवळजवळ तिप्पट होते. साथीच्या काळात ज्या यंत्राच्या आकड्यावर दवाखान्यात दाखल करायचे की नाही हे ठरत होते, त्याची ही कथा. श्रीमंत देशांतही दूरस्थ उपचारांकडे काही समाजगट साशंकतेने पाहतात तेव्हा त्याला निव्वळ अडाणीपणा म्हणणे मला आता जमत नाही.

आप्पांची स्वतःची शंका मात्र वेगळ्या जातीची होती. पहिल्या आठवड्यात त्यांनी काट्यावर चढायला चक्क नकार दिला. “मी काय गुळाचा रवा हाय का, रोज तोलायला?” असे म्हणून (रवा म्हणजे गुळाची ढेप) ते तालमीच्या कट्ट्यावर निघून गेले. पांढऱ्या डबीवर त्यांनी टॉवेल टाकून ठेवला होता, कारण ती आपले बोलणे ऐकते असा त्यांचा पक्का समज. मला ते तेव्हा हट्टीपणाचे वाटले. नंतर इंग्लंडमधील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष वाचले आणि आप्पा एकटे नाहीत हे कळले. कॉर्नवॉल, केंट आणि लंडनचा न्यूहॅम भाग अशा तीन ठिकाणी २००८ पासून ही चाचणी झाली. तिच्या घरगुती देखरेखीच्या भागात मधुमेह, श्वसनाचे जुने आजार व अशक्त हृदय असलेले ३२३० रुग्ण होते. ज्यांनी ही यंत्रे घरात घेण्यास नकार दिला किंवा ती मध्येच परत केली, अशा २२ जणांच्या सविस्तर मुलाखती संशोधकांनी घेतल्या. आपल्याला हे वापरता येणार नाही, ही भीती त्यांत होतीच. पण मी अजून माझे मी पाहू शकतो, हे यंत्र घरात आले की मी आजारी म्हणून शिक्का बसेल, अशी भावनाही होती, आणि आज नर्स घरी येते ती उद्या यायची बंद होईल ही धास्तीही. गुळाचा रवा व्हायला नकार देणारे म्हातारे केंटमध्येही आहेत तर.

त्या चाचणीचे पुढे जे झाले तेही सांगण्यासारखे आहे. बारा महिन्यांत देखरेखीखालील गटात ४.६ टक्के रुग्ण दगावले आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्या दुसऱ्या गटात ८.३ टक्के, या आकड्यांवर २०१२ मध्ये तिकडच्या सरकारने तीस लाख लोकांपर्यंत ही सोय नेण्याची घोषणाही केली. मग खर्चाचा हिशेब प्रसिद्ध झाला. निरोगी आयुष्याचे एक वर्ष पदरात पाडण्यासाठी तिथली यंत्रणा साधारण २० ते ३० हजार पौंडांपर्यंतचा खर्च वाजवी मानते. इथे तो ९२ हजार पौंड निघाला. उत्साह ओसरायला एवढे पुरेसे होते.

आप्पा काट्यावर चढू लागले ते यंत्राच्या गुणाने नव्हे. सुरुवातीला बंगळुराहून हिंदीत फोन येई आणि प्रत्येक प्रश्नाला आप्पा “ठीक हाय” असे उत्तर देत. पाय सुजले का, ठीक हाय. झोप लागते का, ठीक हाय. मी तक्रार केल्यावर तिसऱ्या आठवड्यापासून मराठी बोलणारी एक परिचारिका दर मंगळवारी व शुक्रवारी फोन करू लागली. ती मूळची सांगली जिल्ह्यातली. तिने पहिल्याच दिवशी रक्तदाबाचे काही न विचारता “आजोबा, जेवलासा का? काय होतं आज?” असे विचारले, आणि आमच्यापासून तीन वर्षे लपवून ठेवलेली खारवलेल्या मिरच्यांची बरणी कुठे आहे हे आप्पांनी तिला फोनवर सांगून टाकले. मिठाबाबत डॉक्टरांनी, मी, आईने आणि जर्मनीहून बहिणीने जे साधले नाही ते तिने दहा मिनिटांच्या गप्पांत साधले. या सेवेत १८,००० रुपयांपैकी सार्थकी लागलेला मोठा हिस्सा या मुलीच्या पगारात गेला असेल अशी माझी आशा आहे, खात्री नाही.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. दसऱ्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी चुलत पुतण्याच्या मुलाच्या जावळाचे जेवण होते. कोल्हापुरात जावळाचे जेवण म्हणजे काय हे इथल्या वाचकांना सांगायला नको. तांबडा-पांढऱ्याच्या वाट्या पुढे येत राहतात आणि नको म्हणणाऱ्याकडे आजारी असल्यासारखे पाहिले जाते. आप्पांनी नको म्हटले नाही. शनिवारी सकाळी वजन १.१ किलोने वाढलेले, रविवारी सकाळी एकूण १.९ किलोने. काट्याने आपले काम चोख केले, डबीने आकडे पाठवले, माझ्या मोबाइलवर ‘मर्यादेबाहेर’ अशी इंग्रजी सूचना दोन्ही दिवस आली, आणि बंगळुराहून फोन आला तो सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी. तोवर आप्पांना रविवारी दुपारीच धाप लागू लागली होती, डॉक्टरांनी सुटीच्या दिवशी घरी बोलावून तपासले होते, आणि लघवीची गोळी तीन दिवस दुप्पट करून प्रकरण घरच्या घरी निभावले होते. कंपनीला विचारले तेव्हा करारातले एक कलम दाखवण्यात आले. आकडे चोवीस तास घेतले जातात. पाहिले मात्र सोमवार ते शनिवार कार्यालयीन वेळेत जातात, आणि त्या शनिवारी कसली तरी सुटी होती.

मला याचा राग आला, पण आश्चर्य वाटू नये अशी परिस्थिती आहे, हे मागाहून वाचल्यावर कळले. अमेरिकेत २०१० साली याच आजारावरची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. नुकतेच रुग्णालयातून घरी आलेले १६५३ रुग्ण. त्यांतील निम्म्यांनी रोज एका मोफत क्रमांकावर फोन करून यांत्रिक आवाजाच्या प्रश्नांना बटणे दाबून उत्तरे द्यायची, आपले वजन कळवायचे, आणि दवाखान्यातील माणसांनी ती उत्तरे कामाच्या दिवशी पाहायची. सहा महिन्यांत पुन्हा रुग्णालयात दाखल झालेल्या किंवा दगावलेल्यांचे प्रमाण देखरेखीच्या गटात ५२.३ टक्के आणि दुसऱ्या गटात ५१.५ टक्के, म्हणजे फरक शून्य. देखरेखीच्या गटातील १४ टक्के लोकांनी तो क्रमांक एकदाही फिरवला नाही, आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत आठवड्यातून निदान तीनदा फोन करणारे ५५ टक्केच उरले होते. यांत्रिक आवाजाला कुणी बरणीची जागा सांगत नाही.

आणि मग बर्लिन. तिथल्या शारिटे रुग्णालयाने पुढाकार घेतलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आजार तोच, मोजायचे तेच, वजन, रक्तदाब, प्राणवायू आणि हृदयाचा आलेख, रुग्ण पंधराशेच्या वर. पण पलीकडे डॉक्टर व परिचारिका रात्रंदिवस, सणावारीसुद्धा बसलेल्या, आणि औषधात बदल करण्यासाठी रुग्णाच्या नेहमीच्या डॉक्टरांशी त्यांचा सरळ संबंध. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत दर शंभर रुग्ण-वर्षांमागे (म्हणजे शंभर रुग्ण वर्षभर पाहिले तर) ११.३ मृत्यू झाले, तर देखरेखीखालील रुग्णांत ७.९. काटा इकडेही होता आणि तिकडेही. दोन चाचण्यांमध्ये आठ वर्षे गेली तशी यंत्रेही सुधारली हे खरे, तरी माझ्या मते निकाल फिरवला तो आकडा येताच उठून काही करण्याचा अधिकार असलेल्या माणसाने. कोणते उपचार विम्यात बसतात हे ठरवणाऱ्या जर्मनीतील संयुक्त समितीने डिसेंबर २०२० मध्ये अशक्त हृदयासाठीची ही देखरेख सार्वजनिक आरोग्य विम्यात घेतली. म्हणजे माझ्या बहिणीच्या देशात या सोयीला पुरावा आहे, कायद्याची मान्यता आहे आणि विम्याचे पैसेही आहेत. तरी तिच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फॅक्स चालू आहे.

त्याचे कारण मला राजारामपुरीत मिळाले. सोमवारच्या त्या फोननंतर मी डॉक्टरांना विचारले, की कंपनीच्या पोर्टलचा पासवर्ड तुम्हालाच देऊन ठेवू का? त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि शांतपणे सांगितले, “सर, पासवर्ड घेतला की तो आकडा मी पाहिला असे धरले जाणार. माझ्याकडे दिवसाला सत्तर पेशंट. रात्री अकराला आलेला आकडा मी पाहिला नाही आणि काही बरेवाईट झाले, तर जबाबदार कोण? आणि पाहिला, तर त्या पाहण्याची फी कोण देणार, तुम्ही, कंपनी की तुमची बहीण?” हे ऐकताना मला राग आला नाही, कारण त्यांच्या प्रश्नात लबाडी नव्हती. श्रीमंत देशांत गेली पंधरा-वीस वर्षे ही गाडी जिथे अडते आहे ते ठिकाण नेमके हेच आहे.

अमेरिकेचेच पाहा. ६५ वर्षांवरील लोकांसाठीच्या मेडिकेअर या सरकारी विम्यात २०२० च्या आधी दृक्-संवादाने तपासणी करण्याचे पैसे साधारणपणे तेव्हाच मिळत, जेव्हा रुग्ण ग्रामीण भागातला असेल आणि तोही घरी नव्हे तर एखाद्या दवाखान्यात येऊन पडद्यासमोर बसलेला असेल. घरबसल्या उपचारासाठी आधी घर सोडायचे, असा तो न्याय. साथीत ही अट स्थगित झाली, पण कायमची गेली नाही; मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत राहिली, आणि पुढच्या वर्षी पैसे मिळतील की नाही हे ठाऊक नसताना कोणते रुग्णालय माणसे नेमून कायमचा कक्ष उभारील? देखरेखीच्या यंत्रांसाठी पैसे मिळण्याचा नियमही मजेशीर होता. तीस दिवसांत किमान सोळा दिवसांचे आकडे आले तरच यंत्राचे बिल मान्य. पंधरा दिवस मोजणाऱ्या रुग्णाचे दवाखान्याला काहीच मिळायचे नाही. अलीकडे यात सवलत आली आहे, पण कित्येक वर्षे ही सोळाची रेघ होती. आमच्या आप्पांचे पहिल्या महिन्याचे आकडे मी मोजून पाहिले. अकरा दिवसांचे भरले.

दुसरी गोष्ट परवान्याची. माझा चुलत भाऊ न्यू जर्सीत राहतो आणि त्याचे हृदयतज्ज्ञ नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये. तो रेल्वेने त्यांच्याकडे गेला तर ते त्याला तपासू शकतात. तो आपल्या घरातून पडद्यावर बोलू लागला तर तपासणी न्यू जर्सीत झाली असे कायदा मानतो आणि डॉक्टरांकडे त्या राज्याचा परवाना किंवा तिथली तशी परवानगी लागते. राज्याराज्यांनी करार करून ही अडचण कमी करण्याचा प्रयत्न चालवला आहे, पण तो परवाने लवकर मिळवून देणारा करार आहे, एकच परवाना देणारा नव्हे. या बाबतीत आपण चक्क पुढे आहोत. २५ मार्च २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार भारतातील कोणत्याही राज्यात नोंदणी असलेला डॉक्टर देशभरातील रुग्णाला दूरस्थ सल्ला देऊ शकतो. निपाणी आणि बेळगावचे रुग्ण उपचारासाठी पूर्वापार कोल्हापूरला येतात. सीमाप्रश्न इतर बाबतींत कितीही धुमसत असो, राजारामपुरीतला डॉक्टर निपाणीच्या रुग्णाला फोनवर सल्ला देताना कोणताही कायदा मोडत नाही. देशाबाहेरच्या सल्ल्याला मात्र या सूचना लागू नाहीत, त्यामुळे बहिणीने “मलाही आपल्याच डॉक्टरांना दाखवता येईल का” असे विचारले तेव्हा तिला नाही म्हणावे लागले.

जर्मनीत तर प्रत्यक्ष न भेटलेल्या रुग्णावर केवळ दूरून उपचार करण्यास डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेनेच मनाई होती. ती सैल झाली मे २०१८ मध्ये, एरफुर्टच्या वैद्यक परिषदेत. तिथली विजाणू आरोग्य-नोंदवही २०२१ पासून मागेल त्याला मिळू लागली आणि मागणारे इतके थोडे निघाले, की २०२५ पासून नको म्हणणारे सोडून सगळ्यांच्या नावे ती आपोआप उघडण्याचे ठरवावे लागले. जपानने दूरस्थ तपासणीला विमादरात जागा दिली २०१८ मध्ये, पण पहिली भेट प्रत्यक्षच झाली पाहिजे हा नियम कायमचा सुटायला २०२२ उजाडले. फॅक्सबद्दल बहिणीची थट्टा करताना मला इंग्लंडची आठवण द्यावी लागली, कारण तिथल्या सार्वजनिक रुग्णालयांत २०१८ मध्ये जवळजवळ ९००० फॅक्स यंत्रे मोजली गेली आणि नवीन यंत्र विकत घेण्यावर मंत्र्यांना बंदी घालावी लागली. फॅक्स टिकतो त्याला कारण आहे. कागद हातात येतो, त्यावर सही असते, आणि तो कुणाच्या टेबलावर पडला हे सगळ्यांना माहीत असते. पोर्टलवरचा आकडा कुणाच्याच टेबलावर पडत नाही.

पावसाळ्यातील कामगिरीबद्दल थोडे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने महामार्ग शिरोलीजवळ बुडवला आणि शहर कित्येक दिवस तुटले, तेव्हा आप्पांना अजून हा त्रास नव्हता. पण आज तसा पूर आला तर अशी सेवा किती उपयोगी पडेल, हा विचार खोके घेताना माझ्या मनात होता. या पावसाळ्यात वीज जाऊन-येऊन होती. डबीत बॅटरी आहे, ती सहा-सात तास चालते, आणि सिमकार्डाला रेंज नसेल तेव्हाचे आकडे ती साठवून ठेवून मागाहून पाठवते. एकदा सव्वीस तासांनी पाठवले, पण एकही गाळला नाही. हा गुण लहान नाही.

आमचे मामा गगनबावड्याकडच्या एका खेड्यात राहतात. तिथे ही डबी चाललीच नसती, कारण पावसाच्या चार महिन्यांत रेंज शोधायला टेकडीवर जावे लागते. पण मामांना दूरस्थ सल्ला मिळतो, आणि तोही फुकट, सरकारच्या ई-संजीवनीतून. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या या सेवेची एक पद्धत अशी, की गावच्या आरोग्य केंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाशेजारी बसून मोठ्या केंद्रातील डॉक्टरांशी पडद्यावर जोडून देतात, रक्तदाब स्वतः मोजतात आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या तिथेच हातात ठेवतात. मामांना मोबाइलवर इंग्रजी सूचना वाचावी लागत नाही. रोजची देखरेख त्यात नाही, ती वेगळी गोष्ट; पण रुग्णाच्या बाजूलाही एक जाणता माणूस बसलेला असणे ही जी व्यवस्था गगनबावड्याला आहे ती आमच्या मंगळवार पेठेत १८,००० रुपये भरून आलेल्या खोक्यात नव्हती.

डिसेंबरात मुदत संपली. वजनकाट्याला पाचपैकी पाच, रक्तदाबाच्या यंत्राला मोठ्या पट्ट्यासह चार, ऑक्सिमीटरला दीड, ॲपला दोन, कारण सहा महिने मागणी करूनही सूचना मराठीत आल्या नाहीत. सांगलीच्या त्या परिचारिकेला पाच. सुटीच्या दिवशीच्या देखरेखीला शून्य. सरासरी काढू नये, कारण हे गुण एकमेकांत मिसळण्यासारखे नाहीत. शून्याच्या दिवशी माणूस दगावू शकतो.

आम्ही मुदत तीनच महिन्यांसाठी वाढवली, ऑक्सिमीटर परत करून. त्याआधी कंपनीला दोन प्रश्न लेखी विचारले होते: रविवारी आलेला आकडा कोण पाहील, आणि तो पाहणारा आमच्या डॉक्टरांना किती वेळात फोन करील. पहिल्याचे उत्तर आले, की सुटीच्या देखरेखीसाठी वेगळा, महिन्याला ९०० रुपये जास्तीचा पर्याय आहे. दुसऱ्याचे उत्तर अजून आलेले नाही. म्हणून ते ९०० रुपये आम्ही कंपनीला न देता, त्यात भर घालून, राजारामपुरीत देतो. डॉक्टरांनी पुष्कळ आढेवेढे घेऊन महिन्याचा एक ठरावीक आकडा मान्य केला, पोर्टलचा पासवर्ड मात्र घेतला नाही. वजन दोन दिवसांत दीड किलोने वाढले तर मी त्यांच्या कंपाउंडरला फोन करायचा, आणि त्याने तो निरोप चिठ्ठीवर लिहून त्यांच्या टेबलावर ठेवायचा, असे ठरले आहे. आतापर्यंत दोनदा तशी चिठ्ठी गेली आणि दोन्ही वेळा तासाभरात फोन आला.